तिसरा डबा

माझ्या हातून मूर्खपणा काही कमी झालेला नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत मी चकलीची भाजणी समजून शिकेकाईची पूड भिजवली होती, आणि सासूबाईंनी त्यातली एक चकली तळूनही पाहिली होती. असले किस्से सांगून मी नातवंडांना पुष्कळ हसवलं आहे. एक मात्र कधी सांगितला नाही, कारण त्यात हसण्याजोगं पात्र एकच आहे, आणि ते मी आहे.

तर कबूल करते. मी तेव्हा तेवीस वर्षांची, नुकतीच बी.ए. झालेली, कर्जतच्या एका शाळेत इंग्रजी शिकवणारी. शाळेत एक इंग्रजी सिनेमा आणला होता. त्याचा मधला डबा मी उचलला, हेडसरांच्या कपाटात ठेवला, वरून कुलूप लावून घेतलं, आणि काहीच घडलं नाही अशा थाटात हातात माईक धरून उभी राहिले. अंगावर नवी मोतिया रंगाची साडी होती. साडीचा उल्लेख करायचं कारण नाही, पण त्या दिवशी माझं निम्मं डोकं त्या साडीत होतं, म्हणून तिलाही तिचा वाटा देते.

त्या काळी सिनेमा डब्यांतून यायचा. पत्र्याचे चपटे गोल डबे, एकेका डब्यात एकेक रीळ. आमच्याकडे आले होते पाच. सिनेमा त्या जगप्रसिद्ध विलायती बोटीचा, जी कधी बुडणारच नाही म्हणून मिरवली आणि पहिल्याच फेरीत बर्फाच्या डोंगराला घासून तळाला गेली. नाव तुम्हाला ठाऊक आहे.

पण मला सिनेमाबद्दल सांगायचं नाही. सांगायचं आहे ते त्या माणसाबद्दल, ज्याचा तो तिसरा डबा होता.

हजेरीपटावर त्यांचं नाव रघुनाथ. पोरं म्हणत आगवालेमामा. ते आमच्या शाळेचे शिपाई, पण त्याआधी वीसेक वर्षं मालबोटींवर आगवाले होते, म्हणजे बोटीच्या पोटात, बॉयलरच्या तोंडाशी उभं राहून फावड्याने कोळसा लोटणारे. उंची बेताची, खांदे मात्र चौकटीसारखे. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याचे पांढुरके डाग. आणि चेहऱ्यावर कायम असा भाव, की आत्ताच कुणीतरी रांग मोडून त्यांच्यापुढे घुसलं आहे. मामांना राग यायचा असं मी म्हणणार नाही. यायला तो आधी जावा लागतो. राग त्यांच्याकडे मुक्कामालाच होता.

मी रुजू झाले त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीचं दार लावून घेतलं. लगेच ते बाहेरून ढकललं गेलं, आणि मामांनी वाकून खिशातली एक लाकडी पाचर दाराखाली सारली.

"अहो, वारा येतो," मी म्हणाले.

"येऊ द्या."

"कागद उडतात ना."

"उडत्यात ते दिसत्यात तरी, बाई. कोंडलेलं मानूस दिसत नाय."

मी घरी जाऊन आईला सांगितलं, की आमचा शिपाई जरा वेडा आहे. आई म्हणाली, असू दे, चहा वेळेवर देतो ना?

त्यांच्या खाकी खिशात कायम चार-पाच पाचरी असत. सागाच्या ढलप्या घरी तासून केलेल्या, हाताने घासून गुळगुळीत झालेल्या. शाळेतल्या प्रत्येक दाराला एक. कुठेही गेले की मामा आधी दारं मोजत, मग माणसं, आणि मग ज्याच्याशी भांडायचं तो माणूस शोधून काढत. खालापूरला आमच्या एका मास्तरांचं लग्न होतं. मांडवाला एकच वाट, आणि तिच्या तोंडाशीच आचाऱ्याच्या चुली. मामांनी वधूपित्याला गाठलं.

"मांडव पेटला तर मान्सं जानार कुठनं?"

"अहो, शुभ बोला की जरा."

"शुभ बोलल्यावर इस्तू इझतो काय?"

आणि त्यांनी सरळ मागच्या अंगाची कनात सोडली. वधूचे मामा धावत आले, शिव्यागाळ झाली, पण आमचे मामा हटले नाहीत. त्या वाटेने माणूस एकही बाहेर गेलं नाही. एक शेळी तेवढी आत आली आणि नवरदेवासाठी ठेवलेला हार खाऊन गेली. मामा शांतपणे म्हणाले, "आली ना? मंजे वाट चालू हाय."

रविवारी ते स्टेशनात जात. कुठे जायचं नसायचं. कर्जतला घाट चढण्यासाठी गाडीला मागून ढकलणारं इंजिन लावतात, ते बघायला. गाडी थांबली की अख्खी गाडी वड्यांवर तुटून पडायची. मामा तेवढ्यात फलाटाच्या शेपटाकडे जाऊन उभे राहत, आणि इंजिन लागल्याचा धक्का बसला की समाधानाने मान हलवत. मी एकदा त्यांना तिथे पाहिलं. विचारलं, रोजच तर लागतं, त्यात बघायचं काय?

"म्हनूनच बगतो. वर खंडाळ्याला जाऊन थंड हवा खानारा येक तरी मानूस मागं वळून बगतो का, ते बगतो."

"मग, बघतं का कुणी?"

"आज तुमी बगितलंत. बिन तिकिटाचं."

बुद्धपौर्णिमेला मामांच्या वस्तीतली सगळी मंडळी कोंडाण्याच्या लेण्यांना जात. एकदा मीही मुलींची सहल घेऊन तिथे गेले होते. मामा एका खांबाला हात लावून म्हणाले, "ह्यांला दारं नायत, बगितलंत? म्हनून टिकल्यात." इतिहासाचे मास्तर हसले. मामांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचा सगळा इतिहास त्यांनी हळू आवाजात सांगितला.

आता कपाचं सांगते. शिक्षकांच्या खोलीत चहाचे आठ कप होते. नववा, कान तुटलेला, बाहेर खिडकीच्या कट्ट्यावर पालथा असायचा. तो मामांचा, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, ते विचारू नका. असल्या गोष्टी ठरवणारा माणूस कधी सापडत नाही. छपन्न साली त्यांच्या वस्तीने धर्म बदलला, पण शाळेने कप बदलला नाही. मामांनी त्या कपाला कधी बोटही लावलं नाही. ते घरून आपला इनॅमलचा निळा मग आणत, बोटीवरचा, कडेला टवका उडालेला, आणि त्यातच चहा ओतून घेत. आणि तुमची ही सुशिक्षित आजी काय समजायची? तर हा माणूस भारी नखरेल आहे, याला शाळेचा कपसुद्धा चालत नाही!

त्या मगाची गोष्ट मला कळली ती सिनेमाच्या आदल्या दिवशी.

आमचा एक माजी विद्यार्थी मुंबईत फिल्मच्या हपिसात होता. त्याने खटपट करून दोन दिवसांसाठी तो सिनेमा मिळवला. शाळेचं संमेलन होतं, प्रमुख पाहुणे मोठे होते, आणि विलायती सिनेमा म्हणजे शाळेची शान. सिनेमा इंग्रजी, म्हणून मी माईकवरून मराठीत समजावून सांगायचं ठरलं. यंत्र चालवणार मामा. जे काही फिरतं, तापतं आणि आवाज करतं, ते मामांच्या ताब्यात, असा शाळेचा रिवाज होता.

शनिवारी दुपारी हॉलच्या खिडक्यांना घोंगड्या लावून आम्ही तिघांनी पाचही डबे पाहिले. तो मुलगा, मी आणि मामा. पहिल्या दोन डब्यांत झुंबरं, नाच, जेवणावळी, मोठा वळणदार जिना, आणि साहेब-मडमांचं चुरचुरीत बोलणं. मी भराभर वहीत उतरवून घेत होते. तिसरा डबा लागला आणि आपण बोटीच्या पोटात उतरलो. धूर, घाम, फावडी. मग भिंत फुटून पाणी. आणि मग वरून लोखंडी दारं सरसरत खाली येऊ लागली. माणसं पोटावर सरपटत त्यांच्याखालून निसटत होती. सगळी निसटली असं दिसलं नाही. पुढे खालच्या वर्गाचे उतारू, बोचकी आणि लेकरं कडेवर घेऊन, जाळीच्या फाटकांना धडका देत उभे.

मामा उठून उभे राहिले. त्यांचा हात यंत्राच्या उजेडात गेला आणि पडद्यावर त्या दारावर त्यांच्या पंजाची सावली पडली.

"हेच," ते म्हणाले. "हेच, बाई. असंच येतं ते खाली. कडी नाय, कोयंडा नाय. वरनं दांडा फिरवला का झालं."

त्यांनी ते रीळ पुन्हा लावलं. आणि यंत्राच्या खडखडाटात, माझ्याकडे न बघता, सगळं सांगितलं.

त्यांचा थोरला भाऊ भागा. दोघे एकाच बोटीवर, एकाच बॉयलरशी. एका परक्या बंदराबाहेर धुक्यात त्यांच्या बोटीला दुसरी बोट घासली आणि पाणी आत आलं. भागाला तहान लागली होती, म्हणून मामा हाच निळा मग घेऊन शिडी चढून वर पाणी आणायला गेले होते. परत फिरले तर मधे लोखंडी दार. पलीकडून फावड्याचे ठोके ऐकू येत होते. मामांनी इकडून नखं फुटेस्तोवर ते दार ओरबाडलं. दारं लावली म्हणून बोट वाचली. साहेब वाचले, मालही वाचला. भागा आणि त्याच्या बाजूचे इतर आगवाले राहिले.

"आयीला पटत नाय," मामा म्हणाले. "अकरा वर्सं झाली. तिला दार मंजे घराचं दार. म्हंती, दार व्हतं तर तू उघडलं का नाय? मी मातीत चित्रं काडली, हातानं दावलं, पत्र्याचं करून दावलं. येकच म्हंती, तू पानी आनाया गेलास नि भावाला कोंडून आलास. त्या दिसापासनं तिनं मला तिच्या हातानं वाढलं नाय, बाई. बायको वाढते. आयी त्या टायमाला तोंड फिरवून बसते."

मग ते हसले. मामा हसलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

"उद्या आनतो तिला. तिच्या डोल्यानं बगू दे."

"हो हो, आणा की," मी म्हणाले. माझं लक्ष वहीत होतं. 'आइसबर्ग'ला हिमनग म्हणावं की बर्फाचा डोंगर, या विवंचनेत होते मी.

रविवारी दुपारी हेडसर घामाघूम होऊन आले. पाहुण्यांना पुण्याकडच्या गाडीने जायचं होतं, त्याआधी त्यांचं भाषण, हार, चहा. "बाई, एक डबा कमी करा. तुम्ही सगळा पाहिलाय, कुठला काढायचा ते तुम्हीच ठरवा. आणि मामांना सांगत बसू नका, ते वाद घालतील."

ऐका आता माझी अक्कल. पहिला काढावा, तर साहेब-मडमांच्या विनोदांचं मी केलेलं भाषांतर वाया जात होतं. दुसऱ्यात माझं झुंबराचं वर्णन होतं. चौथ्यात निरोपाचे प्रसंग, तिथे गहिवरून बोलायचं मी आरशासमोर ठरवून ठेवलं होतं. पाचव्यात तर बोटच बुडत होती. तिसऱ्यात बोलणं जवळजवळ नव्हतंच. नुसता धूर आणि धावाधाव. माझ्या माईकला त्यात काही काम नव्हतं. म्हणून तिसरा.

मामांची आई तेव्हा आठवली नाही, असं सांगितलं तर तुम्ही मला माफ कराल. पण ते खोटं होईल. आठवली. आणि मी मनाशी म्हटलं, म्हातारीला काय, कुठलीही बोट दाखवली तरी ती बोटच.

साठ वर्षं झाली या वाक्याला. अजून कधी पोळी लाटताना ते आठवतं आणि हातातलं लाटणं स्वतःच्याच डोक्यात घालावंसं वाटतं.

हॉल भरला. पुढे खुर्च्या, मग बाकं, मग सतरंज्या, आणि सतरंज्या संपल्यावर पोती. सर्वांत मागे, दाराशी, पोत्यावर मामांची आई. धुवून पांढरंशुभ्र केलेलं लुगडं, हातात काठी. वस्तीतून तेवढं चालत आली होती. तिच्या दोन्ही बाजूंना हातभर जागा मोकळी राहिली होती. हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती, तरी ती मोकळी होती. मला वाटलं, म्हातारी आहे म्हणून लोकांनी ऐसपैस बसू दिलं. किती चांगले लोक!

मामांनी दाराखाली पाचर सारली होती. त्या फटीतून उन्हाची एक रेघ पडद्यावर पडत होती. हेडसर दोनदा ओरडले, दार लावा म्हणून. मामांनी दोन्ही वेळा ऐकलं नाही.

दोन डबे झाले. माझं झुंबर फार रंगलं, पाहुण्यांनी मान डोलावली. मामांनी पुढच्या डब्यासाठी हात घातला आणि थबकले.

"तिसरा कुठं हाय?"

"मामा, पुढचा लावा," मी माईक बाजूला करून म्हणाले.

"तिसरा कुठं हाय, बाई?"

"लावा हो!" हेडसर खुर्चीतून म्हणाले. "पाहुण्यांची गाडी आहे."

पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या. मामा हेडसरांकडे बघत नव्हते, ते माझ्याकडे बघत होते. मी पदर सारखा केला. उभ्या जगाशी भांडणाऱ्या त्या माणसाने मग काही न बोलता चौथा डबा यंत्रावर चढवला.

पाहुण्यांनी भाषणात सांगितलं, की या चित्रपटापासून आपण शिस्त शिकावी. प्रत्येकाने आपापल्या जागी राहून कर्तव्य केलं, तर संकटातही शोभा राहते. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हातात माईक असल्यामुळे माझ्या जरा मोठ्याच वाजल्या.

पाहुण्यांना घेऊन हेडसर स्टेशनात गेले, कपाटाची किल्ली कनवटीला लावून. मी बाहेर आले तर पायरीवर मामांची आई काठी टेकून उभी होती आणि मामा तिच्यापुढे.

"रघ्या, येवडा मोटा जिना व्हता रं."

"आयी, तो वरच्यांचा जिना."

"जिना तो जिना. वरच्यांचा नि खालच्यांचा काय? आनि दार दावनार व्हतास ना? मला तर येक बी दार दिसलं नाय. सगळं मोकलं व्हतं, नाचत व्हती मान्सं." तिने काठी पायरीवर आपटली. "मंग माझा भागा का नाय वर आला? तू तर आलास."

तिला चाळीस वेळा समजावून जे जमलं नव्हतं, ते करायला त्या माणसाने अख्खी बोट कर्जतला आणली होती. आणि मी त्या बोटीतलं नेमकं त्याचं दार काढून कपाटात ठेवलं होतं. म्हातारीचा संशय मी नुसता जागा ठेवला नाही, त्याला पुरावा दिला.

हेडसर परतल्यावर कपाट उघडलं. मामांनी डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला. "धा मिन्टं. निस्ती धा मिन्टं लावतो. आयी बसलीय."

माजी विद्यार्थी रडकुंडीला आला. मुंबईची गाडी चुकली तर सकाळी हपिसात डबे पोचणार नव्हते.

हेडसर म्हणाले, "शाळा काय तुमच्या आईसाठी आहे का, मामा?"

"नाय," मामा म्हणाले. "पाव्हन्यांसाठी हाय. दाराचा दांडा कुनाच्या हातात हाय, ते आज कळलं."

मग ते आणखी पुष्कळ बोलले, आणि मोठ्याने बोलले. मी कोपऱ्यात माईकची वायर गुंडाळत होते. 'सर, चूक माझी आहे, लावू द्या' एवढे पाच-सहा शब्द बोलायला माझी बी.ए.ची पदवी पुरली नाही. डबा गेला.

दुसऱ्या दिवशी उद्धट वर्तनाबद्दल मामांना लेखी समज देण्यात आली. माझं अक्षर चांगलं, म्हणून ती मी लिहिली. होय, मीच. वळणदार अक्षरात, समास सोडून. मामांनी ती उभ्या-उभ्या वाचली.

"अक्षर झ्याक हाय, बाई. पन कारन लिवलं नाय. खाली लिवा, डबा नंबर तीन."

मी लिहिलं. हेडसरांनी लाल शाईने ते खोडलं.

त्यानंतर मामा माझ्याशी कधी भांडले नाहीत. याहून मोठी शिक्षा त्यांच्याकडे नव्हती. माझ्या वर्गाच्या दाराला पाचर रोज असायची, पण "बाई" हा शब्द गेला. नुसतं "तुमी".

अशी सहा वर्षं गेली. मामा निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ आणि हेडसरांचं भाषण. मामांना बोलायला सांगितलं तर ते उठले आणि म्हणाले, "येकुनीस दारं हायेत, येकुनीस पाचरी ठेवल्यात. काडू नका." आणि बसले. सोमवारी शाळा उघडली तेव्हा एकोणीसच्या एकोणीस पाचरी काढून केराच्या टोपलीत टाकलेल्या होत्या, कारण वाऱ्याने कागद उडत होते. मला एवढा संताप आला, एवढा संताप आला, की तो कुणावर काढावा ते कळेना. आणि मग कळलं. टोपलीतली एक पाचर मी उचलली. ती आज माझ्या देवघराच्या दाराखाली आहे. नातवंडं विचारतात, आजी, देवाला कशाला गं दार उघडं? मी म्हणते, त्याला बाहेरचं दिसावं म्हणून.

त्याच आठवड्याच्या रविवारी मी भिसेगावातून चालत मामांच्या वस्तीवर गेले. सारवलेलं अंगण, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातल्या साहेबांची. मामा अंगणात फळीवर रंधा मारत होते. वर पाहिलं, पण रंधा थांबवला नाही.

"कशाला आलात?"

"तुमच्याकडे नाही आले. आजींकडे आले."

म्हातारी पडवीत भिंतीला टेकून बसली होती. दृष्टी जवळजवळ गेली होती. मामांची बायको आत भाकऱ्या थापत होती. मी म्हातारीजवळ जमिनीवर बसले आणि घसा साफ केला. माईक नसला की माझा घसा फार बसतो.

"आजी, शाळेतला तो सिनेमा आठवतो?"

"जिन्याचा? आठवतो की."

"त्यातला एक तुकडा तुम्हाला दाखवलाच नाही. तो मी काढून ठेवला होता."

"कशापायी गं?"

"त्यात मला बोलायला काही नव्हतं म्हणून."

म्हातारीने तोंड माझ्याकडे वळवलं. मग मी सांगितलं. तो धूर, ती फावडी, ते पाणी. वरून खाली सरकत येणारं दार. जे मी माईकवरून सांगायला हवं होतं, ते सहा वर्षांनी एका बाईला सांगितलं. ती मधे मधे विचारत होती.

"कडी कुठल्या अंगाला व्हती?"

"कडी नव्हती, आजी."

"आतनं?"

"आतूनही नाही, बाहेरूनही नाही. वर, बोटीच्या माथ्यावर, साहेबाच्या हाताशी एक दांडा असतो. तो फिरवला की खालची सगळी दारं पडतात. मग खालच्या माणसाने दोन्ही बाजूंनी कितीही जोर लावला तरी ती हलत नाहीत."

"आनि त्यो साहेब खाली बगतो का?"

"त्याला खालचं दिसतच नाही."

"मंग आत कोन हाय ते त्याला कसं कळतं?"

"कळत नाही, आजी."

म्हातारीचा हात काठीवर वर-खाली फिरत होता. माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होत होता. सतरा वर्षं हा माणूस हेच सांगत होता, मातीत चित्रं काढून सांगत होता, आणि ते खरं ठरायला ज्या बाईने दार लपवलं तिचीच साक्ष लागावी! अंगणातला रंधा कधी थांबला ते मला कळलं नाही. मी वळून पाहिलं. मामा फळीवर हात टेकून आमच्याकडे पाठ करून उभे होते. ते चौकटीसारखे खांदे हलत होते. त्या दिवसानंतर त्यांची माझी गाठ पडली नाही. त्याच वर्षी लग्न होऊन मी कर्जत सोडलं.

मग म्हातारीने चाचपत माझा हात धरला आणि म्हणाली,

"तू दार लावलंस, बाय, पन सांगाया तरी आलीस. त्या वरच्यानं आजून तोंड दावलं नाय. जा, रघ्याला आत बोलीव. म्हनावं, आयी वाढतेय."